सहलीला नुसतं येणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

प्रिय काका-काकू, मावशी, दादा-वहिनी, भाचरं आणि कॉलेजपासूनच्या सगळ्या दोस्तांनो,

ग्रुपवर ‘या सुट्टीत कुठंतरी जाऊ या की’ असा मेसेज येऊन पडला आहे. त्याखाली हार्ट आले, नाचणाऱ्या बाहुल्या आल्या, कुणीतरी ‘आम्ही तर बॅग भरून तयार’ असंही लिहून टाकलं. आता नेहमीप्रमाणे दोन-चार दिवस सामसूम होईल आणि मग मला टॅग करून विचारलं जाईल, ‘काय ग, कुठवर आलं?’ तो प्रश्न यायच्या आत हे पत्र लिहायला घेतलं आहे.

पत्र खुलं ठेवलं, कारण हा काही आपल्या एकट्या घरातला मामला नाही. जिथं म्हणून आठ-दहा माणसं मिळून सुट्टीला जातात तिथं एक जण सहल ठरवतो आणि बाकीचे सहलीला येतात. ठरवणाऱ्याला सगळे ‘तू आहेस म्हणून होतं बघ’ असं म्हणतात, आणि मनापासून म्हणतात, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कौतुकाने काम वाटलं जात नाही. ते त्याच माणसाच्या गळ्यात आणखी घट्ट बसतं. माझं मागणं थोडक्यात सांगते. या वेळी सहलीचं काम वाटून घ्या, आणि त्याच्याही आधी आपापली मतं तोंड उघडून सांगा. एवढं झालं नाही तर या वेळची सहल मी ठरवणार नाही. रुसून बसले आहे असं समजू नका, मलाही एकदा सुट्टीवर जायचं आहे.

‘फोनवरून दोन बुकिंग तर करायची असतात’ असं आपल्यातल्या एका काकांनी मागे म्हटलं होतं. काका, बुकिंग हे यातलं सगळ्यात सोपं काम. ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. घर चालवताना डोक्याने जे काम करावं लागतं त्याचे त्यांनी चार टप्पे पाडले : काय लागणार आहे हे आधीच ओळखणं, त्यासाठी पर्याय शोधणं, त्यातला एक निवडणं, आणि ठरलं तसं होतंय ना यावर लक्ष ठेवणं. निवडायच्या वेळी नवरा-बायको दोघंही हजर असतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा जास्त करून बायकांच्या वाट्याला जातो, असं त्यांना दिसलं. सहलीचं अगदी असंच असतं. हॉटेलांचे तीन फोटो ग्रुपवर टाकले की ‘दुसरं छान आहे’ म्हणायला सगळे असतात. ते तीन शोधण्यासाठी आधी तीस बघावी लागली, त्यातल्या निम्म्यांना लिफ्ट नव्हती आणि काहींच्या फोटोतला समुद्र प्रत्यक्षात हमरस्त्यापलीकडे होता, हे कुणाच्या गावी नसतं.

खोल्यांचं वाटप घ्या. एकाचं घोरणं दुसऱ्याला चालत नाही. कुणाचे गुडघे दुखतात म्हणून तळमजला हवा, कुणाला रात्री दोनदा उठावं लागतं म्हणून बाथरूमच्या बाजूचा पलंग हवा. तान्हं बाळ रात्री रडणार, तेव्हा ती खोली आजींच्या खोलीपासून लांब पाहिजे, पण फार लांबही नको, कारण बाळाला सांभाळायला आजीच लागणार. नवीन लग्न झालेल्यांना आपल्या भिंतीला लागून खोली दिली की तेही अवघडतात आणि आपणही. मागच्या वेळी ज्या दोघींचं बिनसलं होतं त्यांना एका खोलीत टाकायचं नाही, आणि मुद्दाम वेगळं टाकलंय हे त्यांना कळूही द्यायचं नाही. हे सगळं रात्री अकराला, घरातली बाकीची कामं आटोपल्यावर, कागदावर पेन्सिलने खोडत खोडत जुळवायचं. जुळलं की हॉटेलवाल्याचा फोन येतो : तळमजल्यावर दोनच खोल्या शिल्लक आहेत, मॅडम.

या कामाचा जगात रीतसर धंदा झाला तो काही उगीच नाही. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक या इंग्रज गृहस्थांनी सुमारे ५०० माणसांना मद्यपानविरोधी मेळाव्यासाठी लेस्टरहून लफबरोला खास आगगाडीने नेलं. अंतर म्हणाल तर वीस किलोमीटरच्या आसपास. पण सगळी व्यवस्था एकाने बघायची आणि बाकीच्यांनी नुसतं गाडीत बसायचं, ही कल्पना लोकांना इतकी आवडली की त्यातून पुढे ट्रॅव्हल एजन्सीचा व्यवसाय उभा राहिला. कुकसाहेबांना या कामाचे पैसे मिळू लागले. आमच्यासारख्यांना ‘हॉटेल ठीक होतं, पण...’ एवढंच मिळतं.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. ‘मला काहीही चालेल.’ या उत्तराचा जितका त्रास होतो तितका हॉटेलवाल्यांचाही होत नाही. डोंगर की समुद्र? काहीही चालेल. चार दिवस की सहा? तू ठरव. गाडीने की ट्रेनने? तुला बरं वाटेल ते. असं म्हणणाऱ्याला वाटतं आपण किती समजूतदार, कसला हट्ट नाही. मग मी समुद्र ठरवते. पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी, बाल्कनीत खुर्च्या टाकून बसलेलं असताना, कुणीतरी रुमालाने मान पुसत म्हणतं, ‘छान आहे हो, फक्त दमट फार आहे. डोंगरात गेलो असतो तर...’ मंडळी, हे वाक्य चार आठवडे आधी आलं असतं तर त्याला मत म्हणता आलं असतं. बाल्कनीत ते फक्त मला लागतं.

जेरी हार्वी हे व्यवस्थापनशास्त्राचे अमेरिकन प्राध्यापक. त्यांनी १९७४ मध्ये आपल्या सासुरवाडीतला एक अनुभव लिहून ठेवला. टेक्सासमधलं कोलमन नावाचं छोटं गाव. जुलैची दुपार, पारा १०४ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे चाळीस सेल्सिअस. घरची चौघं पडवीत पंख्याखाली डॉमिनो खेळत निवांत बसलेली. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जाऊन जेवून येऊ या. ॲबिलीन ५३ मैलांवर, आणि गाडीला एसी नाही. बायको म्हणाली, छान कल्पना आहे. हार्वींच्या मनात मुळीच नव्हतं, पण बायको हो म्हणाली म्हणून तेही हो म्हणाले, वर सासूबाईंना यायचं असेल तर, अशी पुस्ती जोडली. सासूबाई म्हणाल्या, मला तर जायचंच आहे. चार तासांनी घामाने आणि धुळीने माखून, बेचव जेवून चौघं परत आली. तेव्हा कुठं एकेकाच्या तोंडून बाहेर पडलं की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनीसुद्धा विषय काढला होता तो बाकीचे कंटाळले असतील या काळजीने.

त्या घरात कुणी हट्टी नव्हतं, कुणी लबाड नव्हतं. चौघंही एकमेकांचं मन राखत होती. आपल्याकडेही हेच होतं, फक्त आपण चौघांऐवजी चौदा असतो आणि चार तासांऐवजी पाच दिवस मन राखतो.

तेव्हा आवड सांगायला संकोच वाटत असेल तर निदान नावड सांगा. ते जास्त सोपं असतं आणि मला जास्त उपयोगी पडतं. लांबचा बसप्रवास नको. दुसऱ्या कुटुंबाबरोबर एक बाथरूम वापरायला नको. रोज पहाटे उठायला नको. शंभर पायऱ्या चढायला लावणारं ठिकाण नको. नकोंची यादी हातात आली की पर्यायांचं जंगल आपोआप विरळ होतं. आणि हे ग्रुपवर लिहू नका. ग्रुपवर मोठ्या काकांनी एकदा ‘डोंगर’ लिहिलं की सुनांपैकी एकही ‘समुद्र’ लिहिणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. या वेळी मी प्रत्येकाला वेगळं विचारणार आहे. नवऱ्याने बायकोच्या वतीने उत्तर द्यायचं नाही, आणि आईने सोळा वर्षांच्या मुलाच्या वतीनेही नाही. त्या मुलाला आपल्याबरोबर यायचंच नसेल, तर तेही एकदा ऐकून घेऊ.

दोस्तांनो, तुमची तऱ्हा अगदी उलटी. तुम्हाला मतं भरपूर, तारखा मात्र कुणालाच नाहीत. तुमच्या ग्रुपवर ठिकाणांवरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात आणि सहल त्या ग्रुपच्या नावातच राहते. तारखा आधी, ठिकाण नंतर, हा क्रम पाळला तर तुमचं काम झालं. तुमच्याविषयी याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

घरच्या मंडळींचा प्रश्न वेगळा आहे. ती आधी ‘हो’ म्हणतात आणि मग एकेक नाव गळायला लागतं. तब्येत बिघडली, परीक्षा आली, ऑफिसने ऐन वेळी रजा नाकारली, तर त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते महिनाभर चालणाऱ्या ‘आम्ही बघतो’वर. गळणाऱ्याला वाटतं, आपली एक खुर्ची रिकामी राहील, त्यात काय मोठं. पण भाड्याची गाडी तेवढ्याच पैशांत येते आणि ते पैसे उरलेल्या कमी माणसांत वाटले जातात. तिघांची खोली दोघांवर येते. हॉटेलांचे आणि विमानांचे स्वस्त दर बहुतेक वेळा परतावा न मिळणारे असतात, म्हणून तुमच्या ‘बघतो’साठी मी महागडा, रद्द करता येणारा दर धरून बसते, आणि त्याचा भुर्दंड ज्यांनी पहिल्या दिवशी स्वच्छ ‘हो’ सांगितलं त्यांना पडतो.

कागदपत्रांचंही इथंच सांगून टाकते. तिकिटावरचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच लागतं. माहेरचं आडनाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे असेल, तर ते विमानतळावरच्या रांगेत उभं राहून आठवायचं नसतं. परदेशी जायचं निघालं तर पासपोर्टची तारीख कळवा. ‘आहे अजून’ हे उत्तर चालणार नाही. अनेक देशांना त्यावर किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते आणि तेवढी नसेल तर विमानात बसूही देत नाहीत.

पैशांचं बोलायला आपल्याला फार जड जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपल्यात कुणाचा पहिला पगार आहे, कुणी नुकतंच घराचं कर्ज घेतलंय, कुणी निवृत्त आहेत, कुणाचं उत्तम चाललंय. सगळ्यांना परवडेल असा आकडा काढायचा तर सगळ्यांचे आकडे कळायला हवेत. ते कुणीच सांगत नाही. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांना तो बढाईचा विषय वाटतो, ज्यांच्याकडे कमी आहे त्यांना कमीपणाचा. मग जो मोठ्याने बोलतो त्याच्या ऐपतीवर सहल बेतली जाते, आणि ज्याला झेपत नाही तो ‘ऑफिसमधून रजाच मिळत नाहीये’ असं सांगून बाजूला होतो. अशी न मिळालेली रजा मी ओळखते आता.

आणि ‘सगळं समान वाटून घेऊ’ हे जितकं न्याय्य वाटतं तितकं नसतं. उरी ग्नीझी हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांचे गट उपाहारगृहात जेवायला बसवले. काही गटांत ज्याचं त्याने भरायचं होतं, काही गटांत बिल सारखं वाटायचं होतं, आणि काही गटांचं बिल परस्पर भरलं जाणार होतं. ज्याचं त्याने भरायचं होतं तिथं लोकांनी सगळ्यात कमी मागवलं, वाटून भरायचं होतं तिथं त्याहून जास्त, आणि फुकट होतं तिथं सर्वांत जास्त. आपण अनोळखी नाही हे खरं. पण ओळखीत तर बोलायचीही सोय राहत नाही. ज्यांनी बोटीत पाऊल ठेवलं नाही त्या आत्यांच्या हिश्शात बोटीच्या चार फेऱ्या येतात आणि त्या मुकाट पैसे काढून देतात.

माझा उपाय असा : झेपेल तो आकडा मला एकटीला कळवा, तो माझ्याजवळच राहील. सगळ्यात कमी आकडा जो असेल त्यावर मुक्काम आणि गाडी बेतायची, तेवढंच सामाईक. समुद्राकडची खोली, बोटी, खरेदी, वाढीव हौस हे ज्याचं त्याने. म्हणजे हौस करणाऱ्यांचा हात आखडत नाही आणि न करणाऱ्यांना भुर्दंड बसत नाही. सामाईक रकमेचा निम्मा हिस्सा बुकिंगच्या आधी जमा झाला पाहिजे. आजवर सगळं बुकिंग एकाच कार्डावर होत आलंय आणि ते कार्ड कुणाचं हे तुम्हाला ठाऊक आहे. पैसे बुडाले असं कधी झालं नाही, कुणी बुडवणारं नाहीच. पण सहलीहून आल्यावर स्वतःच्याच माणसांना ‘अहो, तेवढं राहिलंय’ अशी आठवण करून देणं किती लाजिरवाणं होतं, ते एकदा करून बघा. त्यासाठीच या वेळचा हिशोब दादाने ठेवावा असं सुचवते. दादाला लाज वाटत नाही.

आता कार्यक्रमाकडे. ‘एवढं लांब आलोच आहोत तर’ या वाक्याने जितक्या सहलींचा बोऱ्या वाजवला तितका पावसानेही वाजवला नसेल. नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदात असतात हे त्यात निघायच्या आधीच दिसलं. परत आल्यावर मात्र दोघांत सहसा फरक उरला नव्हता. अपवाद होता तो सुट्टी अगदी निवांत गेली असं सांगणाऱ्यांचा. यातून मी दोन गोष्टी घेतल्या. पहिली उघड आहे, धावपळ कमी करा. दुसरी तुमच्या फायद्याची : आनंदाचा मोठा भाग जायच्या आधीच्या दिवसांत असतो. नकाशा उघडून बसणं, हे की ते यावर वाद घालणं, भाचरांनी चार वेगळीच ठिकाणं शोधून आणणं, हा सगळा त्याचाच भाग. ठरवण्यापासून जो लांब राहतो तो सहलीच्या या भागाला मुकतो. आणि ठरवणाऱ्याच्याही तो हाती लागत नाही, कारण त्याचे ते आठवडे फोनवर होल्डचं संगीत ऐकण्यात जातात.

पहिल्या पहाटे सूर्योदय बघायला पाच वाजता खाली जमायचं, असा एक प्रस्ताव दर वेळी येतो. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही. पहारा दिल्यासारखा आवाजांची चाहूल घेत राहतो. त्यामुळे पहिल्या सकाळी निम्मी मंडळी चिडचिडी असतात ते स्वभावामुळे असतं असं नाही. सूर्योदय तिसऱ्या दिवशीही होतो.

‘रात्री निघू, सकाळी पोहोचू, एक दिवस वाचेल’ या सूचनेवर मात्र माझं उत्तर ठाम ‘नाही’ असंच राहील, मग मला खुशाल कटकटी म्हणा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं होतं. अनेक देशांत तेवढ्या अल्कोहोलवर गाडी चालवणं गुन्हा ठरतो. युरोपीय संघात ट्रक आणि बसच्या चालकांना साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती कायद्याने सक्तीची आहे, आणि ते तर सरावलेले लोक. आपला चालक म्हणजे सकाळी सहाला उठून, दिवसभर ऑफिस करून, बॅगा डिकीत भरून स्टिअरिंगवर बसलेला भाऊजी. मागे सगळे माना टाकून झोपलेले, आणि पुढच्या सीटवर बसून त्याला जागं ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर होती तोच सगळ्यात आधी घोरायला लागलेला. असा वाचवलेला दिवस मला नको.

डोंगरात उंच जायचं ठरलं तरी हेच. अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असे त्रास सुरू होऊ शकतात. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. तब्येत कमावलेली असली म्हणून यातून सुटका होत नाही, जिमला जाणाऱ्या भाच्याचंही डोकं धरू शकतं. तेव्हा कार्यक्रमात एखादा दिवस मोकळा दिसला की ‘इथं काहीच ठेवलं नाहीयेस का?’ असं विचारू नका. तो दिवस मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो.

आणि गाडीतली पुढची जागा. ती मानाची जागा असल्यासारखी वयाने मोठ्या माणसाला दिली जाते आणि गाडी लागणारं पोर शेवटच्या रांगेत बॅगांशेजारी बसतं. गाडी लागते तेव्हा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवत असते, डोळ्यांसमोर मात्र सीटची पाठ किंवा फोन असतो, आणि मेंदूला दोन्हींचा मेळ लागत नाही. पुढे बसून लांबवर रस्त्याकडे बघितलं की त्रास कमी होतो. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हे जास्त होतं, त्यांच्या हातात रडू नये म्हणून फोन द्यायचा हा उपाय तर अगदीच उलटा. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्यावी, वळणं सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. काका, तुमचा मान ठेवूनच सांगते, या वेळी तुम्ही मधल्या रांगेत.

हे वाचून तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, ‘अग, मग काही मदत लागली तर सांगायचं ना!’ नाही, तेच तर मला करायचं नाही. सांगायचं म्हणजे काय लागणार हे मी ओळखायचं, कुणाला जमेल ते मी हेरायचं, सांगितल्यावर झालं का ते मीच बघायचं. मधला एक फोन तेवढा तुम्ही करणार. काम घ्यायचं तर पुरतं घ्या. गाडीचं काम म्हणजे गाडी शोधण्यापासून घासाघीस, चालकाची राहण्याची सोय, वाटेतले थांबे आणि शेवटचे पैसे चुकते करण्यापर्यंत सगळं. ते ज्याच्याकडे, त्याच्याकडे. मला त्यातलं काहीही माहीत असण्याची गरज नाही.

कामांचं माप मात्र माझ्या शब्दावर ठरवू नका. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं की घरच्या कामांत तुमचा वाटा किती. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. आपण केलेलं आपल्याला जास्त लक्षात राहतं, आणि मी काही त्याला अपवाद नाही. म्हणून कामं लिहून काढू आणि पुढे नावं टाकू. दादाकडे हिशोब आहेच. तिकिटं आणि सगळ्यांची ओळखपत्रं भाचरांकडे, त्यांचा हात फोनवर आपल्यापेक्षा चौपट चालतो. औषधांची पिशवी वहिनीकडे. आणि मावशी, खोल्यांचं वाटप तुमच्याकडे. कुणाचं कुणाशी पटत नाही हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

त्या बदल्यात माझ्याकडूनही शब्द. ज्याने काम घेतलं त्याच्या पद्धतीने ते होईल. गाडी मला आवडली नाही, खोली पश्चिमेची निघाली, तरी मी तोंड उघडणार नाही. हे मला जड जाणार आहे, पण जमवीन. सहलीत रोज वेगळा माणूस त्या दिवसाचा कारभारी असेल, ‘आता पुढे काय?’ हे त्याला विचारायचं. दुपारचे तीन तास कुणी कुणाला बांधील नाही. ज्याला झोपायचंय त्याने झोपावं, ज्याला एकट्याने भटकायचंय त्याला ‘एकटाच कुठं निघालास?’ असं विचारू नये.

येत्या रविवारी रात्रीपर्यंत मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात, ग्रुपवर नकोत, मला स्वतंत्र : जमतील त्या तारखा, झेपेल तो आकडा, आणि काही झालं तरी नको अशी एक गोष्ट. ज्यांच्याकडून काहीच येणार नाही ते येणार नाहीत असं धरून मी सोमवारी पुढच्या कामाला लागेन. मागाहून जागा करून द्यायला सांगू नका.

तुमचीच,
आजवर सहल ठरवत आलेली

ता. क. : मावशी, त्या दोघी कोण हे मी लिहिलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.